वसतिगृहाच्या खोलीतील वहीबांधणी

पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थिनीने, वसतिगृहातील लहानशा खोलीत आणि बेताच्या खर्चात कोणता हस्तकलेचा छंद जोपासता येईल, असे विचारले आहे. बहुतेकांनी रंगकाम सुचवले असले, तरी मी वहीबांधणीचा आग्रह धरेन. जुन्या वह्यांतील कोरी जोडपाने चार-चार एकत्र दुमडून त्यांचे फर्मे करावेत, घडीवर टोच्याने समान अंतरावर भोके पाडावीत आणि मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक फर्मा आधीच्या फर्म्याशी गुंफत शिवत जावे, म्हणजे वही सपाट उघडते आणि पाने सुटत नाहीत. दोरा मात्र घडीला समांतर ओढावा. काटकोनात ओढला, की भोक फाटते. पाठीला मैद्याची खळ लावून वही रात्रभर वजनाखाली ठेवावी, येथे घाई अजिबात करू नये. पुठ्ठा, दोरा रविवार पेठेत मिळतो. वेष्टनासाठी शिवाजीनगरच्या, १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेचा कागद मला विशेष आवडतो, कारण सुती चिंध्यांच्या लगद्यातील लांब तंतूंमुळे असा कागद वारंवार दुमडूनही सहजी चिरत नाही. पहिली वही पाच-सहा फर्म्यांचीच करावी आणि ती टिपणांसाठी वापरायला घ्यावी.