विंडोज ९५मध्ये माऊस चालतो, डॉसमध्ये गेलं की गायब. वडिलांसाठी ड्यून २ चालू करायचाय

दुधनाकाठ, सेलू

राम राम मंडळी. प्रश्न माऊसचाच आहे, पण आधी थोडी हकीकत सांगतो. नाहीतर "नवा लॅपटॉप घ्या" एवढंच उत्तर येईल.

आमच्या अण्णांची इथे टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मराठी ३० आणि ४०च्या परीक्षेला बसणारी अख्ख्या तालुक्याची पोरं आमच्या पुढच्या खोलीत खडखडाट करायची. १९९७ला अण्णांनी त्याच खोलीत एक कॉम्प्युटर आणून ठेवला. पेंटियम १३३, १६ एमबी रॅम, विंडोज ९५. दिवसा त्यावर वर्डस्टार आणि फॉक्सप्रो शिकवायचे. रात्री जेवणं झाली की दार लोटून एकटेच ड्यून २ खेळत बसायचे. वेस्टवूडचा १९९२चा गेम. वाळवंटात तळ उभा करायचा, हार्वेस्टर सोडून वाळूतला मसाला गोळा करायचा, त्याच्या पैशातून कारखाने आणि रणगाडे. विंडट्रॅप कमी पडले की वीज पुरत नाही आणि रडार बंद पडतं. मी तेव्हा सहावीत, त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून बघायचो. रडार गेलं की अण्णा म्हणायचे, "बघ, यांच्याकडंही लोडशेडिंग."

गेल्या दिवाळीत अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं बऱ्यापैकी परत आलं, पण उजवा हात अजून उचलत नाही. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई म्हणतात, डाव्या हाताला मन रमेल असं काम द्या. महिन्यापूर्वी अण्णांनी आपण होऊन विचारलं, "ते वाळूवालं आहे का रे अजून?" झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. म्हणून मी हात धुऊन मागे लागलोय.

मशीन माळवदावरच्या खोलीत पोत्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. धूळ काढली, बोर्डवरचा सेल बदलला आणि सुरू झालं. माऊसची वायर मात्र उंदरांनी पार कुरतडली होती. या बोर्डला गोल पीएस/२ पोर्ट नाही, मागे फक्त नऊ पिनांचा सिरियल आहे. म्हणून परभणीहून नवा गोल पिनेचा माऊस आणि नऊ पिनांचा कन्व्हर्टर आणला. हललाच नाही. मग जालन्याला भंगाराच्या दुकानात एक जुना गोळीवाला सिरियल माऊस मिळाला, दोन बटणांचा. तो विंडोजमध्ये चालायलाय, तरी बाण आडवा जरा अडखळतो.

खरी अडचण पुढे आहे. विंडोजमधून ड्यून २ सुरू केला की आवाज तुटतो. अण्णा नेहमी शटडाऊनच्या यादीतून "एमएस-डॉस मोड"मध्ये जायचे, म्हणजे विंडोज बंद करून कमांड टाइप करून चालणाऱ्या जुन्या डॉसमध्ये. तसं केलं की गेम उघडतो, आवाज स्वच्छ येतो, पण माऊसचा बाणच दिसत नाही. किबोर्डवर खेळता येतं म्हणतात, पण एका हातानं आणि त्यातही डाव्या हातानं अण्णांकडून ते होईना. तोच माऊस, तेच मशीन, मग डॉसमध्ये काय बिघडतं? कुणी सांगितलं तर लई उपकार होतील.

मांजराकाठ, लातूर

दादा, अण्णांना लवकर आराम पडो.

तुम्ही आधीच नाही म्हणालात तरी एक सुचवतो. लॅपटॉपवर डॉसबॉक्स टाकून बघा, नव्या मशीनवर जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्राम आहे. डॉसबॉक्सच्या पोटात माऊसचा ड्रायव्हर, म्हणजे माऊस ओळखून चालवणारा छोटा प्रोग्राम, आधीपासून असतो, वेगळा चढवायचा नाही. लोक तिथेही जुनी माऊस डॉट कॉम ही ड्रायव्हरची फाइल चालवतात आणि मग गोंधळ होतो. बाण खिडकीत अडकत नसेल तर कंट्रोल आणि एफ१० दाबा, तो आत बांधला जातो. परत तेच दाबलं की सुटतो. गेम संथ वाटला तर कंट्रोल एफ१२, फार पळायला लागला तर कंट्रोल एफ११. माझ्या लेकीला मी अशाच रितीनं माझ्या लहानपणचे गेम दाखवले. एका संध्याकाळचं काम आहे.

दुधनाकाठ, सेलू

दादा, ते केलं होतं आणि चाललंही. लॅपटॉप अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पाचेक मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हे नाही. आपलं आण." त्या जुन्या मॉनिटरची काच, किबोर्डचा आवाज, सगळं त्यांना तेच पाहिजे आहे. त्यांचं खरंय असं मलाही वाटतं.

गोदाकाठचा मेकॅनिक, नांदेड

बाळा, १९९४पासून वजिराबादमध्ये मशीनी दुरुस्त केल्या, आता घरीच असतो. तुझा माऊसही ठीक आहे आणि मशीनही.

विंडोज ९५ स्वतःचा माऊस ड्रायव्हर घेऊन येतं. विंडोज उठलं की ड्रायव्हर उठतो, तू डॉस मोडमध्ये गेलास की विंडोजबरोबर तोही जातो. डॉसला जन्मतः माऊस माहीतच नाही. डॉसमधला गेम इंटरप्ट ३३ नावाच्या ठरलेल्या खिडकीवर जाऊन विचारतो, माऊस आहे का? तिथे ड्रायव्हर बसलेला असेल तर उत्तर मिळतं. नसेल तर गेम समजतो माऊस नाही, आणि बाण काढतच नाही. ही तक्रार घेऊन माझ्याकडे इतकी गिऱ्हाइकं यायची की मी ड्रायव्हरची फ्लॉपी खिशातच ठेवायचो.

तर डॉसचा ड्रायव्हर पाहिजे. मायक्रोसॉफ्टचा जुना माऊस डॉट कॉम चालेल, पण मी तुला क्यूटमाऊस घ्यायला सांगेन. फुकट आहे, फ्रीडॉस या मोफत डॉसबरोबर येतो, फाइलचं नाव सीटीमाऊस डॉट ईएक्सई. मेमरीत जेमतेम तीन-चार केबी जागा घेतो. डॉसच्या प्रोग्रामला मिळणाऱ्या ६४० केबी मेमरीत एवढी बचत फार मोलाची. फ्लॉपीवरून सी ड्राइव्हवर माऊस नावाच्या फोल्डरमध्ये टाक.

आता तो चढवायचा कुठं, इथं लोक चुकतात. मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक डॉट बॅट फाइलमध्ये ओळ लिहिलीस तर विंडोज चालू असतानाही तो उगाच मेमरीत बसून राहील. विंडोजच्या फोल्डरमध्ये डॉसस्टार्ट डॉट बॅट नावाची फाइल असते, नसेल तर तू बनव. शटडाऊनच्या यादीतून डॉस मोडमध्ये गेलास की विंडोज तीच फाइल चालवतं. तिच्यात एक ओळ लिही: आधी एलएच, मग एक जागा सोडून ड्रायव्हरचा पूर्ण पत्ता. एलएच म्हणजे ६४० केबीच्या वर जागा असेल तर तिकडे बस. एक लक्षात ठेव, सुरुवातीलाच एफ८ दाबून थेट कमांड प्रॉम्प्टवर गेलास तर डॉसस्टार्ट चालत नाही. मग ड्रायव्हर हातानं चढवावा लागतो.

तुझ्या कन्व्हर्टरचंही सांगतो, कारण त्यात तुझे पैसे गेले. त्या कन्व्हर्टरमध्ये काही सर्किट नसतं, नुसत्या तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात. माऊसला स्वतःला सिरियल आणि पीएस/२ अशा दोन्ही भाषा येत असतील तरच तो उपयोगी. पूर्वी काही माऊस तसे यायचे, आताच्या माऊसला सिरियल कळतच नाही. दुकानदाराला परत कर, घेतला तर घेतला.

आणि मला हे सांग, आत मोडेमचं कार्ड आहे का? असेल तर तो कॉम ३ या सिरियल पोर्टवर आहे का बघ. कॉम १ आणि कॉम ३ एकाच आयआरक्यू ४वर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच लाइनवर असतात. माऊस कॉम १वर आणि मोडेम कॉम ३वर असला की कधी ना कधी भांडण होतंच. इंटरनेटला लागणार नसेल तर कार्ड काढूनच टाक. मशीन बंद करून, वायर भिंतीतून काढून मग.

दुधनाकाठ, सेलू

काका, हे सगळं दोनदा वाचलं आणि मग हात लावला. मोडेम होता, काढला. मित्राकडच्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हनं सीटीमाऊस फ्लॉपीवर घेतला. डॉसस्टार्ट फाइल नव्हती, बनवली. डॉस मोडमध्ये गेल्या गेल्या ड्रायव्हरनं कॉम १वर माऊस सापडल्याचं दाखवलं. डॉसमधला मजकूर लिहायचा प्रोग्राम एडिट उघडला तर माऊसचा चौकोनी ठोकळा पडद्यावर आला. मी एकटाच ओरडलो, आतून आई धावत आली.

पण ठोकळा वरखाली छान जातो आणि डावीउजवीकडे जागचा हलायलाच नाही. मधूनच एकदम पाचसहा घरं उडी मारतो. ड्रायव्हर बदलू का? की भंगारातला माऊसच गेलेला आहे?

गोदाकाठचा मेकॅनिक, नांदेड

ड्रायव्हरला हात लावू नको. सिरियल माऊस १२०० बॉडच्या वेगानं बोलतो आणि हललं की तीन बाइटचा एक गठ्ठा पाठवतो. त्यात बटणं, आडवी हालचाल, उभी हालचाल सगळं एकत्र असतं. उभी हालचाल नीट पोचतेय म्हणजे गठ्ठे पोचतायत. म्हणजे पोर्ट, वायर, ड्रायव्हर तिन्ही बरोबर. दोष माऊसच्या पोटात आहे.

उलटा कर. गोळीभोवतीची चकती बाणाच्या दिशेनं फिरव, गोळी हातात पडेल. आत दोन बारीक दांड्या दिसतील, एकमेकींना काटकोनात. एक उभ्या हालचालीची, एक आडव्या. तिसरं स्प्रिंगचं छोटं चाक असतं, ते फक्त गोळी दाबून धरतं. आडव्या दांडीच्या मधोमध काळी कडक पट्टी बसलेली असेल. धूळ, हाताचं तेल, टेबलावरच्या कापडाचे धागे दाबून दाबून ती तयार होते. गोळी त्या पट्टीवरून घसरते आणि दांडी फिरत नाही. लाकडी टूथपिकनं दांडी फिरवत फिरवत खरवड. ब्लेड लावू नको, चरा पडला तर कायमचा. पट्टी बांगडीसारखी एका तुकड्यात निघते बऱ्याचदा.

तरीही उड्या मारल्या तर वरचं झाकण उघड. दांडीच्या टोकाला बारीक फटींची चकती आहे, तिच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला सेन्सर. फटींमधून उजेड किती वेळा लुकलुकला यावरून तो अंतर मोजतो. तिथं केस अडकला की मोजणी चुकते. फुंकर मारू नको, तोंडातला ओलावा जातो. कोरडा मऊ ब्रश घे.

दुधनाकाठ, सेलू

काका, अगदी तसंच निघालं. पट्टी दोन तुकड्यांत सुटली. खाली चकतीत एक पांढरा लांब केस गुंडाळलेला होता. चिमट्यानं हळूच ओढून काढला. आता बाण तेलात सोडल्यासारखा फिरतो.

एकच राहिलं होतं. अण्णा डाव्या हातानं धरतात, त्यामुळे त्यांचं पहिलं बोट उजव्या बटणावर पडतं. सीटीमाऊसला प्रश्नचिन्ह देऊन मदतीचा मजकूर काढला तर त्यात एलचा पर्याय दिसला, डावखुऱ्यांसाठी. ओळीच्या शेवटी तिरकी रेघ आणि एल लिहिलं, बटणं उलटी झाली. एवढ्या छोट्या ड्रायव्हरमध्ये कुणी डावखुऱ्यांचा विचार करून ठेवलाय, याचं मला फार बरं वाटलं.

काल रात्री जेवणं झाल्यावर अण्णांना खुर्चीत बसवलं. ड्यून २मध्ये आधी गाडीवर क्लिक, मग मूव्हवर, मग जमिनीवर. प्रत्येक कामाला तीन क्लिक. व्यायामवाल्या ताईंना दाखवलं तर म्हणाल्या, याहून चांगला व्यायाम मी देऊ शकत नाही. पहिल्यांदा हार्वेस्टर भलतीकडेच गेला. अण्णांनी बोट उचललं, थोडं थांबले, परत टेकवलं. चाळीस मिनिटं बसले. मी उठवलं म्हणून उठले.

आता एक चिंता. हार्डडिस्क मधूनच खर्रर्र आवाज करायलीय. यात अण्णांचे १९९८चे सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेले डाव, अजून आहेत. ते वाचवायचे कसे?

बालाघाट, अंबाजोगाई

दादा, मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आवाज यायला लागला म्हणजे आजच करा, उद्यावर टाकू नका. तुमच्या जुन्या डिस्कची जोडणी आयडीई प्रकारची असते, म्हणून आयडीई ते यूएसबीचा कन्व्हर्टर घ्या. तो तुमच्या माऊसच्या कन्व्हर्टरसारखा नुसत्या तारांचा नाही, त्यात खरं सर्किट असतं आणि सोबत डिस्कला वीज द्यायचा वेगळा अडॅप्टर येतो. मशीन बंद करून डिस्क काढा, लॅपटॉपला लावा आणि सगळ्यात आधी फक्त ड्यून २चं फोल्डर उतरवून घ्या. ते काही एमबीचंच असेल. ते हाती आलं की मग पूर्ण डिस्कची प्रत. उलट्या क्रमानं करू नका, मोठी प्रत चालू असतानाच डिस्क बसू शकते.

प्रत झाली की डिस्कच्या जागी आयडीईला लागणारं कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड बघा. अण्णांचं मशीन तेच राहील, फक्त आत फिरणारी डिस्क उरणार नाही. लागलं तर मला विचारा.

दुधनाकाठ, सेलू

ताई, फोल्डर उतरलं. सहा सेव्ह आहेत. अण्णांना नावं वाचून दाखवली. तिसरं ऐकल्यावर म्हणाले, "थांब, ते अर्धं राहिलंय."