पीएलसीचा प्रोग्राम डब्यातून बाहेर काढावा का?

पॅनेलमागचा
गेल्या महिन्यात आमच्या पॅकिंग लाइनच्या पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोल संगणकाचा, सीपीयू गेला. अकरा वर्षं चालला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. तेच मॉडेल बाजारात नाही. विक्रेत्याने नव्या पिढीचं दिलं, त्यावर जुना प्रोजेक्ट थेट चढेना. मूळ फाइल उघडणारं सॉफ्टवेअर एका विंडोज एक्सपीवाल्या लॅपटॉपवर, त्याचा डोंगल (लायसन्सचा यूएसबी) स्टोअरच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. लाइन चार दिवस बंद. लॉजिक तेच, सेन्सर तेच, मोटारी त्याच. बदलला फक्त डबा.

म्हणून म्हणतो, रनटाइम (लॉजिक प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर) कंटेनरमध्ये टाका, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइलींसकट एका इमेजमध्ये बांधा. कोडेसिस या पीएलसी सॉफ्टवेअरचा व्हर्च्युअल कंट्रोल डॉकर किंवा पॉडमन या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतोच. इंडस्ट्रियल पीसी मेला तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा आणा, लिनक्स टाका, इमेज ओढा, सुरू. आयओ, म्हणजे सेन्सर-मोटारींच्या जोडण्या, इथरकॅट या औद्योगिक नेटवर्कवर आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही. ठरल्या वेळेत काम होण्यासाठीचा लिनक्सचा रिअल-टाइम पॅच २०२४ मध्ये ६.१२ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) मूळ शाखेतच आलाय. एक्सॉनमोबिलने अमेरिकेतल्या बॅटन रूजच्या रेझिन प्लांटवर खुल्या मानकाची कंट्रोल यंत्रणा उभी केली, तिकडे ऑडी सगळं सर्व्हरवर नेतेय. विरोध असेल तर जरूर करा, फक्त 'आमच्याकडे असंच चालतं' हे कारण देऊ नका.

लॅडरवाला_भोसरी
कारण देतो. रात्री अडीचला सीपीयू गेला की आमचा इलेक्ट्रिशियन काय करतो? जुन्यातलं मेमरी कार्ड काढतो, स्पेअरमध्ये घालतो, पॉवर देतो. दहा मिनिटं. त्याला लिनक्सचा काळा पडदा दाखवलात तर तो आधी तुम्हाला फोन करेल, आणि तुम्ही अडीचला उचलणार नाही.

राव, तुमचे चार दिवस गेले ते स्पेअर ठेवला नाही म्हणून. कंटेनरच्या इमेजचाही बॅकअप त्याच कपाटात ठेवलात तर किल्ली पुन्हा रजेवरच असेल.

केर्नल_पंडित
एक तांत्रिक दुरुस्ती, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. कंटेनर स्वतःचा कर्नल बरोबर नेत नाही, यजमान मशीनचाच वापरतो. त्यामुळे तुमचा एक्सपीवाला लॅपटॉप लिनक्सच्या कंटेनरमध्ये बसणार नाही. त्याला व्हर्च्युअल मशीन लागते, आणि ते काम आजच, फुकटात करता येतं. डोंगलचा यूएसबी तेवढा आत जोडून द्यायचा. चार दिवसांतले निदान दोन तिथेच वाचले असते.

दुसरं, वेळेची हमी इमेजमध्ये नसते. ती असते यजमानाच्या कर्नलमध्ये, बायॉसच्या पॉवर सेव्हिंगमध्ये, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये. तीच इमेज एका पीसीवर १ मिलिसेकंदाच्या सायकलला गुळगुळीत चालेल, दुसऱ्यावर मध्येच झोका घेईल आणि सर्व्हो ड्राइव्ह (मोटारीची अचूक हालचाल सांभाळणारा) सिंकची चूक दाखवून थांबेल. 'कुठल्याही कंपनीचा पीसी आणा' हे वाक्य मागे घ्या.

पॅनेलमागचा
घेतलं. 'तपासून ठेवलेल्या दोन-तीन पीसींपैकी कुठलाही' असं वाचा. तरी एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलपेक्षा बरंच म्हणायचं.

नेकारकाठ
इथे जर्मनीत हाइलब्रोनजवळ राहते, म्हणून ऑडीबद्दल थोडं. नेकार्सुल्मच्या ब्योलिंगर ह्योफे कारखान्यात २०२३ मध्ये सर्व्हरवर गेले ते लाइनवरच्या कामगारांना सूचना दाखवणारे स्क्रीन. तीन स्थानिक सर्व्हरनी जागोजागचे इंडस्ट्रियल पीसी हटवले. म्हणजे सुरुवात स्क्रीनपासून, पीएलसीला हात त्यानंतर. शिवाय हे सर्व्हर कारखान्याच्या आवारातच आहेत. लांबच्या क्लाउडवरून रोबो हलवतात असा समज भारतात फोनवर बोलताना नेहमी कानावर येतो.

पण मी पॅनेलमागच्यांच्या बाजूने आहे. माझ्या कामात कंटेनरचा खरा फायदा ब्रेकडाउनला नाही, त्याच्या आधी होतो. मशीन अजून जुळणीत असतं तेव्हाच पाच स्टेशनांचे पाच रनटाइम माझ्या एका लॅपटॉपवर चालतात. लॉजिकमध्ये बदल केला की रात्री चाचण्या आपोआप होतात. काल कोणी काय बदललं, हे गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दिसतं. लॅडरवालादादा, तुमच्याकडे 'फायनल_नवीन_२_खरंच फायनल' नावाची फाइल नाही का?

लॅडरवाला_भोसरी
ताई, आहे. तीन आहेत.

पण एक विचारतो. रिटेन व्हॅल्यूंचं, म्हणजे लाइट गेली तरी टिकायला हव्यात त्या आकड्यांचं काय? काउंटर, रेसिपी, टूल ऑफसेट. पीएलसीत लाइट जाता जाता ते नॉन-व्होलाटाइल मेमरीत जातात. नवीन इमेजसाठी तुम्ही कंटेनर पुसून परत उभा केला आणि डेटा बाहेरच्या व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या साठ्यावर) ठेवायला विसरलात, तर सकाळी सगळं शून्य. आमच्याकडे एका हौशी पोराने नेमकं हेच केलं होतं. शिफ्टचे ऑफसेट डायरीतून परत टाकले, डायरी होती म्हणून. आणि त्या पीसीला यूपीएस लागतो, यूपीएसची बॅटरी बघायला माणूस लागतो.

मोळीपासून_पोत्यापर्यंत
साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. गळीत हंगाम चालू असताना बॉयलरच्या ड्रम लेव्हलवर (आतल्या पाण्याच्या पातळीवर) प्रयोग करा असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी बॉयलर अटेंडंटशेजारी एक शिफ्ट उभं करावं. तिथे डीसीएसच (प्लांटची कंट्रोल यंत्रणा) राहील, आणि सेफ्टी इंटरलॉक तर वायरचेच.

मात्र डेटा गोळा करणं, ओपीसी यूए सर्व्हर (यंत्रांचा डेटा इतर सॉफ्टवेअरला देणारा), रिपोर्ट, ऑफिसला आकडे पाठवणं हे मी मागच्या ऑफ सीझनला कंटेनरमध्ये नेलं. एकदा पीसी बदलला, चहा गार व्हायच्या आत परत चालू. हे पडलं तरी गाळप थांबत नाही, म्हणून इथे हात धजावतो.

पण 'पोर्टेबल' हा शब्द फार सैल वापरला जातोय. कोडेसिसचा कंटेनर पीसी बदलू देतो, कोडेसिस सोडू देत नाही. पीएलसी प्रोग्रामिंगचं आयईसी ६११३१-३ मानक १९९३ चं, तरी एका कंपनीचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीत नेताना टायमर आणि ब्लॉक हाताने लिहावेच लागतात. डब्याच्या तावडीतून सुटलात, लायसन्सच्या नाही.

पॅनेलमागचा
लायसन्सचा मुद्दा लागला. वरून फेलओव्हर झाल्यावर, म्हणजे एक मशीन पडून दुसऱ्याने काम घेतल्यावर, लायसन्स नव्या मशीनवर आपोआप येतं का, हे विक्रेत्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ब्रोशर आलं.

सर्व्हो असलेली पॅकिंग लाइन बाजूला ठेवतो. आमच्या सांडपाणी प्रक्रियेच्या पंपांवर करून बघतो. तिथे स्कॅनला (प्रोग्रामच्या एका फेरीला) अर्धा सेकंद लागला तरी कोणाचं बिघडत नाही. व्हॉल्यूम वेगळं, यूपीएस नवीन, आणि पॅनेलवर पंप हाताने चालवता येणारा हँड-ऑटो स्विच तसाच राहील.

लॅडरवाला_भोसरी
हँड-ऑटो स्विच ठेवताय ना, मग करा. फक्त पावसाळ्याच्या तोंडावर नको. आणि जुना पीएलसी भंगारात घालू नका, माझ्याकडे पाठवा, स्पेअर म्हणून ठेवतो.