राग आवरणे, दाबणे, गिळणे : अर्थात काय फरक?

प्रश्न (मिरज, रुग्णालयातील कार्यालय)

आमच्या बिलिंग काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी मराठीत सूचनापत्रक करायचं काम माझ्याकडे आलंय. मसुद्यात एक वाक्य आहे : 'कर्मचाऱ्यांनी भावनांचे व्यवस्थापन करावे.' ते वाचून काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "म्हणजे राग गिळायचा, असंच ना?"

मिरजेला बेळगाव-विजापूरकडूनही पेशंट येतात. बिलाचा आकडा ऐकला की नातेवाइकांचा संताप आधी काउंटरवर निघतो. दर काही ताईंनी ठरवलेले नसतात. तरी त्या एकदा मराठीत, एकदा कानडीत, बोट ठेवून एकेक ओळ समजावतात. पावती सरकवताना हात थरथरत असतो, आवाज मात्र तसाच. या कामाला मराठीत काय म्हणावं?

उत्तर (सांगली, निवृत्त बँक कर्मचारी)

'व्यवस्थापन' नको. आपल्याकडे यासाठी चांगली क्रियापदं आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

आपण घर आवरतो तेव्हा वस्तू फेकून देत नाही, जागच्या जागी लावतो. राग आवरणं तसंच. 'हा चिडलाय तो बिलावर, त्याचं माणूस आत आयसीयूत आहे' हे मनात जागच्या जागी बसलं की राग मुळातच उतरतो. दाबण्यात राग तेवढाच राहतो, फक्त दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली प्रयोगातून हाच फरक दाखवला. किळसवाणी चित्रफीत बघताना ज्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, त्यांची किळस कमी झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. ज्यांनी तिच्याकडे बघण्याची दृष्टीच बदलली, त्यांना किळस कमी वाटली.

आता 'गिळणे'. कारकुनाची चूक झाली आणि साहेब ओरडले नाहीत, तर आपण म्हणतो 'साहेबांनी राग आवरला'. साहेब विनाकारण ओरडले आणि कारकून गप्प बसला, तर 'त्याने राग गिळला'. ज्याला उलट बोलायची सोयच नाही, त्याच्या वाट्याला गिळणं येतं. बँकेच्या काउंटरवर मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यामुळे ताईंनी नेमका शब्द वापरला असं माझं ठाम मत आहे. आणि हे रोजचं झालं की त्याला आपण 'मन मारणं' म्हणतो.

उत्तर (सातारा, एसटी वाहक)

आमच्यात 'डोकं शांत ठेव' एवढंच सांगतात. सुट्ट्या पैशांवरून दिवसभर ऐकून घ्यायचं आणि घरी पोरानं पाणी सांडलं तरी त्याच्यावर खेकसायचं. वड्याचं तेल वांग्यावर. शब्द कुठलाही ठेवा, पण हे त्यात आलं पाहिजे.

उत्तर (सांगली, समुपदेशक)

अभ्यासात रूढ असलेला शब्द 'भावनिक श्रम'. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ही कल्पना मांडली. विमानातल्या हवाई सुंदरीने हसायचं आणि कर्जवसुली करणाऱ्याने आवाज चढवायचा, दोघांनाही त्याचाच पगार. आतून तसं न वाटता वरवर आणलेलं हसू, म्हणजे आपलं 'सोंग', जास्त थकवतं, असं पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं. मला हा शब्द आवडतो तो 'श्रम' मुळे. श्रम म्हटलं की विश्रांती आणि मोबदला यांचा प्रश्न आपोआप येतो. 'संयम' म्हटलं की नुसती शाबासकी मिळते.

वाहकदादांनी सांगितलेलं फार महत्त्वाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची तीन लक्षणं नोंदवली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही; कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, तर त्यातून हे होतं असं म्हणते. त्यामुळे पत्रकात सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकू नका. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही पत्रकात द्या. तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्नकर्ती (मिरज)

'व्यवस्थापन' काढलं. शीर्षक 'काउंटरवरील भावनिक श्रम', शेवटी १४४१६. वाक्य असं केलंय : 'नातेवाईक अर्वाच्य बोलू लागल्यास कर्मचाऱ्याने वरिष्ठांना बोलवावे. वरिष्ठांनी काउंटर स्वतः सांभाळावा व कर्मचाऱ्यास काही वेळ मोकळे करावे.'

उत्तर (सांगली, निवृत्त बँक कर्मचारी)

फक्त 'मोकळे करावे' बदला. कार्यालयीन भाषेत त्याचा अर्थ कामावरून कमी करणे असाही लागतो. 'विश्रांतीसाठी सोडावे' लिहा, आणि 'काही वेळ'च्या जागी मिनिटं घाला, नाहीतर ती विश्रांती कुणी देणार नाही.