पलटणीतून आलेली पत्रं: तुमच्या घरात काय काय आहे?

माळ्यावरची
गावच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर आजोबांची ट्रंक सापडली. आत सतरा पत्रं. आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते, एवढंच आम्हाला ठाऊक.

त्यांनी पाठवलेली सगळी पत्रं पणजोबांच्या नावे. 'तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की...' मग बैल, बांध, मनिऑर्डर पोचली का. नोव्हेंबर १९४३ च्या पत्रात 'इकडे पाऊस व चिखल फार, बाकी खुशाल आहे', आणि ठिकाणाचं नाव असावं तिथे कागदाला ब्लेडने कापलेलं चौकोनी भोक. त्याच महिन्यात मराठे सांग्रो नदी ओलांडत होते. नदीला पूर, पलीकडच्या टेकड्यांवर जर्मन. हे मी आत्ता वाचून काढलं. पत्रात त्यातलं अक्षर नाही. आजीचं नाव तर एकाही पत्रात नाही, 'घरी सर्वांस आशीर्वाद' त्यातच ती. पत्र मास्तर मोठ्याने वाचणार, अख्खी ओसरी ऐकणार, बायकोला काय लिहिणार माणूस?

पण एक पत्र घरून तिकडे गेलेलं आहे. आजोबांनी ते परत आणलं. अक्षर मास्तरांचं, मजकूर पणजोबांचा, खाली त्यांची सही. आणि सहीच्याही खाली, अगदी कोपऱ्यात, शाईचा एक लहानसा अंगठा. थोडा फरपटलेला. आजीला लिहिता येत नव्हतं. पे-बुकात मावेल एवढी बारीक घडी, घड्यांवर कागद विरलाय, अंगठ्याचा कोपरा मात्र धड आहे.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा ना. बायकांच्या बाजूचं सापडलं असेल तर नक्की.

रानपाखरू
अंगठा वाचून भाकरी करपली माझी. नंतर लिहिते.

कृष्णाकाठ
आमच्याकडे पत्र नाही, पत्राची वाट आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, मग शरणागती, मग कैदेतली पायपीट. त्यांचं पुढे काहीच कळलं नाही. बारा वर्षांनी भाऊबंद म्हणाले, दर्भाचा पुतळा करून दहन करा. पणजी म्हणाली, तार दाखवा मग करा. कुंकू शेवटपर्यंत लावलं तिने.

बसऱ्याच्या स्मारकावर नाव असेल म्हणून शोधलं. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. २०२१ साली ही स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने या भेदभावाची जाहीर माफी मागितली. मला ती पुरत नाही.

माळ्यावरची
@कृष्णाकाठ काय बोलू. 'तार दाखवा मग करा.' पणजींना नमस्कार.

मोडीवेडा
पत्रं मोडी लिपीत आहेत की बाळबोधात, म्हणजे देवनागरीत? मोडी असेल तर फोटो पाठवा, वाचून देतो.

माळ्यावरची
चौदा बाळबोध, तीन मोडी! तीच अडली आहेत. पाठवते.

दोन_वेण्या
जरा अलीकडचं चालेल का? बाबा १९८८ मध्ये श्रीलंकेत, शांतिसेनेत. मी चौथीत. पत्ता तोंडपाठ, शेवटी 'द्वारा ५६ एपीओ', म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. मला वाटायचं ५६ एपीओ नावाचं गाव आहे आणि तिथे सगळ्यांचे बाबा राहतात.

मी आंतरदेशीय पत्रावर कडेकडेने फुलं काढून लिहायची. एकदा माझंच पत्र परत आलं, बाबांच्या पत्रात घडी घालून. लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले! 'तूम्ही कधी येणार'मधला 'तू' खोडून 'तु'. प्रश्नाचं उत्तर नाही, वेलांट्या-उकार तेवढे बरोबर. खूप रडले होते. मोठेपणी आईने सांगितलं, त्या आठवड्यात त्यांच्या तुकडीतली माणसं गेली होती. त्यांना लिहायला दुसरं काही सुचलं नसणार. ते पत्र पाकिटात असतं माझ्या.

रानपाखरू
आले. @दोन_वेण्या आता भाजीही करपणार. 'तुम्ही' लिहिताना यापुढे तुझे बाबा आठवतील गं.

आमच्या आजीपुढे 'तार' म्हणायचं नाही असा नियम होता. कपडे वाळत घालायच्या तारेलाही ती दोरी म्हणायची.

जुनी_वही
माळ्यावरची, एक कळकळीची विनंती, लॅमिनेशन करू नका. आमच्या काकांनी हौसेने केलं, दोन वर्षांत कागद आत पिवळाजर्द. सेलोटेपही नको. घडी उलगडून सपाट ठेवा, मध्ये आम्लरहित कागद. कसर लागली नाही ना?

माळ्यावरची
कडा खाल्ल्यात दोन पत्रांच्या. बरं झालं सांगितलंत, भाऊ उद्या लॅमिनेशनलाच नेणार होता.

निवृत्त_सुभेदार
इटलीत कोणी गेलं असेल तर युद्धस्मारकं बघून या. फोर्लीला हिंदी सैन्याची स्वतंत्र दफनभूमी आहे, सांग्रोलाही दहनस्मारक आहे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर. कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून फुकट शोधता येतं. इंग्रजांनी स्पेलिंग वाट्टेल तसं केलंय, चार प्रकारे टाका.

आणि पत्रात 'खुशाल' का असतं, तर दुसरं लिहून चालत नव्हतं. सेन्सॉर सोडा, घरच्यांसाठीच चालत नव्हतं. मीही १९७१ ला तेच लिहिलं.

कृष्णाकाठ
सुभेदारसाहेब, चार प्रकारे टाकून बघतो आजच.

मोडीवेडा
@माळ्यावरची पहिलं मोडी पत्र वाचलं. तारीख फाटली आहे. बहुतेक शेतसाऱ्याचं आहे, पण शेवटची ओळ तुम्हाला हवी ती असावी: 'कोपऱ्यातील निशाणी पावली. दर खेपेस करणे.'

माळ्यावरची
आईला फोन लावते. मग येते.