आयटीआयचं वर्ष की तीन महिन्यांचा सिक्स-जी क्लास?

कामठीचा मामा: भाचा बारावी झाला, वेल्डरच व्हायचं म्हणून अडून बसला आहे. त्याची आई, म्हणजे माझी ताई म्हणते, नागपुरात श्रद्धानंदपेठेच्या सरकारी आयटीआयत घाला. मी म्हणतो, वर्ष काहून घालवायचं? तीन महिन्यांचा सिक्स-जीचा क्लास लावू. सिक्स-जी म्हणजे ४५ अंशात पक्का बांधलेला पाइप, तो फिरवायचा नाही, आपणच भोवती फिरून जोडायचा. तो जमला की बाकीच्या पोझिशन आल्याच. बोला.

सत्तर-अठरा: आल्याच कशा, मामा? ज्या पोराचा वेल्डिंगचा रॉड प्लेटला चिकटून बसतो त्याला तिरपा पाइप देणार? आयटीआयत गॅस कटिंग, ड्रॉइंग वाचणं, फ्लॅटपासून (आडव्या प्लेटवर) ओव्हरहेडपर्यंत (डोक्यावर) क्रमानं हात बसतो. शिवाय रेल्वेच्या, महानिर्मितीच्या अप्रेंटिसच्या जाहिराती बघा. तिथे आयटीआय मागतात, क्लासचा कागद कोणी विचारत नाही.

फॅब्रिकेशनवाला: हात बसतो म्हणे! मी शिकलो त्या आयटीआयत (नाव घेत नाही) रॉड मोजून मिळायचे आणि जर्नल मात्र भरभरून. क्लासवाला पैसे घेतो, पण टिगची (आर्गॉन वायूवरच्या वेल्डिंगची) टॉर्च दिवसभर हातात देतो. मी मामांच्या बाजूनं.

बुटीबोरी नाइट: मी क्यूसीत, म्हणजे कामाचा दर्जा तपासणाऱ्या खात्यात आहे. कागद कुठलाही आणा, पाइपचं काम असेल तर आम्ही आधी टेस्ट कूपन, म्हणजे नमुन्याचा जोड करायला लावतो. मग त्याचा एक्स-रे, नाहीतर पट्टी कापून वाकवून बघतो. बहुतेक पोरं रूटमध्ये, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरातच नापास होतात. वरून वेल्डचा मणी कसा देखणा, आत धातू वितळून एकजीवच नाही! बॉयलरच्या प्रेशर पार्टला तर १९५० च्या आयबीआर (भारतीय बॉयलर) नियमांप्रमाणे वेगळी परीक्षा. आणि एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेच्या कोडखाली सहा महिने ती प्रोसेस हाती धरली नाही की क्वालिफिकेशन गेलं, पुन्हा टेस्ट.

आता मामांना एक विचारतो. सिक्स-जीवाल्याला नागपुरात बारमाही काम कुठे आहे? कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचा संच ओव्हरहॉलिंगला निघाला की ठेकेदार पाइपवाले शोधत फिरतात. काम उरकलं की पोरगं जामनगरच्या रिफायनरीत नाहीतर आखातात. हिंगण्याच्या शेडमध्ये बहुतेक प्लेटचं काम, सीओटूवर (गॅस आणि सुटणाऱ्या तारेच्या वेल्डिंगवर). तिथे सिक्स-जी घेऊन काय करणार?

विद्याताई: मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चामड्याचं जॅकेट घालून उभं राहायचं, हे कोणी बोलतच नाही. आर्कचा (वेल्डिंगच्या ठिणगीचा) झगझगाट डोळ्यांना लागला की रात्रभर डोळ्यात वाळू. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध. क्लास निवडताना धूर ओढणारा पंखा आहे का ते आधी बघा.

फॅब्रिकेशनवाला: ताई, बरोबर. आमच्याकडे पोरं रुमाल बांधतात, त्यानं काही होत नाही.

कामठीचा मामा: क्यूसीवाले भाऊ, बारमाही नाही हे मान्य. पण पोरगं बाहेर जायला तयार आहे. शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी संच बंद ठेवण्याच्या) हंगामात पाइपवाला जे कमावतो ते शेडमधल्याला वर्षभर मिळत नाही. मी क्लासवरच ठाम.

सत्तर-अठरा: मग निदान फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. पोरांचे जॉइंट कापून दाखवतात का? आणि ७०१८ चे रॉड (ओल धरली की जोडाला तडे जातात असे) ओव्हनमध्ये भाजतात की पाकिटातून काढून तसेच देतात? तसेच देत असतील तर मामा, तुमच्या ताईचं ऐका.