मदत हवी आहे: नेटवर्क रेंडरिंगसाठी छोटे, स्वस्तातले संगणक जुळवतोय, पण वेग टिकत नाही

मंडळी, नमस्कार.

ब्लेंडरमध्ये (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) ७५ सेकंदांची ॲनिमेशन फिल्म करतोय, रेंडर (म्हणजे सीनवरून प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र काढणं) ब्लेंडरच्याच सायकल्स इंजिनवर. सेकंदाला २४ धरल्या तर १८०० फ्रेम होतात. माझ्या संगणकावर एका फ्रेमला साधारण ६ मिनिटं लागतात, म्हणजे १८० तास, साडेसात दिवस! एखादा दिवा चुकीच्या जागी राहिलाय हे सहाव्या दिवशी दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दोन छोटे संगणक, म्हणजे डबे, जुळवले. मिनी-आयटीएक्स बोर्ड (१७ बाय १७ सेंमी), ६ कोअरचा ६५ वॅटचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, छोटी एसएसडी. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. प्रोसेसर माझ्या मुख्य मशीनमध्ये आहे त्याच मॉडेलचा. सीनच्या फायली एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. ब्लेंडरमध्ये 'ओव्हरराइट' बंद आणि 'प्लेसहोल्डर' चालू केलं की प्रत्येक मशीन पुढच्या फ्रेमची रिकामी फाइल आधी तयार करून जागा अडवतं आणि बाकीची मशीनं ती फ्रेम सोडून पुढे जातात. गरिबाचा रेंडर फार्म (एकच रेंडर वाटून घेणारा मशीनचा ताफा)!

अडचण अशी की पहिल्या दोन-तीन फ्रेम ६ मिनिटांत होतात, मग दोन्ही डबे ९-१० मिनिटांवर जाऊन बसतात. नेटवर्क कमी पडतंय का? आणखी तीन डबे जोडू, की हे सगळं विकून एकच दणदणीत ग्राफिक्स कार्डाचं मशीन घेऊ? सीन चालताना ११ जीबी रॅम खातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
नेटवर्कवर आळ घेऊ नका. १०८०पीची हाफ फ्लोट ईएक्सआर (रेंडरसाठी वापरतात तो चित्रांचा फाइल प्रकार) फ्रेम कॉम्प्रेशनशिवायही १६-१७ एमबीची. साध्या गिगाबिट केबलमधून सेकंदाला शंभरावर एमबी जातात. सहा मिनिटांतून एकदा तेवढी फाइल लिहायची म्हणजे केबल झोपाच काढत असणार. सुरुवातीला टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं) वाचताना काय थोडा ताण येईल तेवढाच.

तापमान बघितलंत का? डब्याचं झाकण काढा आणि फक्त एक तास चालवून बघा.

प्रतिसाद २
+१, गरमीच आहे. ६५ वॅट लिहिलंय म्हणून मशीन तेवढंच खातं असं नसतं. एएम४ सॉकेटचे ६५ वॅटवाले रायझेन प्रोसेसर मोकळे सोडले तर ८८ वॅटपर्यंत जातात. गेम खेळताना भार वर-खाली होत राहतो, रेंडरला मात्र सगळे कोअर रात्रभर घाण्याला जुंपलेले असतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी वीज खायची सोय, असेल तर लावा. वेग थोडा जाईल, पण जो उरेल तो सकाळपर्यंत टिकेल.

कार्डाचं म्हणाल तर ११ जीबीचा सीन ८ जीबीच्या कार्डात नीट मावायचा नाही, आणि मोठ्या मेमरीचं कार्ड स्वस्तात येत नाही. शिवाय पाच डब्यांतला एक बसला तरी चार चालू राहतात. पण डबे वाढवून रॅमची बेरीज होत नाही हे ध्यानात ठेवा, प्रत्येकाला अख्खा सीन स्वतःच्या पोटात घ्यावा लागतो. १६ च्या खाली जाऊ नका.

धागाकर्ता
झाकण काढलं, ६ मिनिटं १० सेकंद! तासाभरानंतरही तेच. कूलरचा पंखा आणि झाकणाचा पत्रा यांत जेमतेम ४ मिमी जागा होती, बिचारा श्वास कुठून घेणार? बसेल का, एवढंच बघितलं होतं मी.

आता नवीन भानगड. रात्री एक डबा तापून बंद पडला होता (हे झाकण काढायच्या आधीचं). त्याने अडवलेली ४१२ वी फ्रेम शून्य बाइटची पडून आहे आणि कोणीच ती हातात घेत नाही.

प्रतिसाद २
घेणारच नाहीत, त्यांच्या लेखी ती फाइल आहे. फोल्डर आकारानुसार लावा, शून्यवाल्या उडवा आणि तेच रेंडर पुन्हा सुरू करा, फक्त गाळलेल्या भरल्या जातील. मात्र जी फ्रेम आत्ता चालू आहे तिचीही फाइल शून्यच दिसते, म्हणून सगळी मशीनं थांबवून मगच उडवा. पाच डबे झाल्यावर हे हाताने करत बसू नका, फ्लेमेन्को बसवा. फुकट आहे, एक मॅनेजर कामं वाटतो आणि अडलेलं काम दुसऱ्याला देतो. सगळीकडे ब्लेंडरची आवृत्ती एकच हवी. धूर-पाण्याचं सिम्युलेशन असेल तर आधी बेक करून (म्हणजे एकदाच गणित करून फायलीत साठवून) घ्या, नाहीतर प्रत्येक मशीनचा धूर वेगळा.

प्रतिसाद ३
नवे डबे घेताना बिनग्राफिक्सचा प्रोसेसर स्वस्त दिसतो म्हणून उचलू नका. रायझेन ५६००एक्सला स्वतःचं चित्र (ग्राफिक्स) नाही, ५६००जीला आहे. काही बोर्ड कार्ड नसेल तर सुरूच होत नाहीत, आणि होणारा असला तरी बायोसमध्ये शिरायला चित्र लागतंच. माझं एक मशीन यापायी दोन दिवस नुसतं बीप करत होतं.

धागाकर्ता
तिन्ही डबे जी वाल्याचेच घेतो. झाकणाला होल सॉने पंख्याएवढं भोक पाडलं, कडा कानशीने घासतोय. दुसरा डबा तोवर उघडाच चालू आहे, ६३८ व्या फ्रेमवर पोचलाय.