‘प्रश्न उद्भवत नाही’ : विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांची भाषा

शंका

आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याबद्दल आमच्या आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न विचारला होता. त्याच्या छापील उत्तराची प्रत परवा हाती आली. प्रश्नाचे चार भाग होते आणि उत्तर जेमतेम तीन ओळींचे होते. पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’, दुसऱ्या व तिसऱ्या भागाला मिळून ‘रिक्त पदे भरण्याची कार्यवाही करण्यात येत आहे’, आणि चौथ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. घरी ते वाचून दाखवले, तेव्हा आईने विचारले, “म्हणजे आपल्याकडे डॉक्टरचा प्रश्नच नाही, असं म्हणतात की काय?” मला तिला उत्तर देता आले नाही. ‘प्रश्न उद्भवत नाही’ ह्या शब्दांचा नेमका अर्थ काय, ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ ह्यांत काही फरक केला जातो की ती एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, आणि प्रश्नाला ‘तारांकित’ का म्हणतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपल्या मातोश्रींनी ज्या जागी बोट ठेवले, तिथेच बहुतेक वाचक अडखळतात, कारण मराठीत ‘प्रश्न’ हा एकच शब्द दोन कामे करतो. ‘पाण्याचा प्रश्न’ म्हणताना आपल्याला अडचण अभिप्रेत असते आणि ‘परीक्षेतला प्रश्न’ म्हणताना पृच्छा. उत्तरातला ‘प्रश्न’ केवळ दुसऱ्या अर्थाचा आहे. मी एका शासकीय कार्यालयात बरीच वर्षे अशा उत्तरांची प्रारूपे तयार केली आहेत, म्हणून प्रश्नाचा साचाच इथे मांडतो. त्याशिवाय उत्तराचा अर्थ लागत नाही. पुढील मजकूर नमुन्यादाखल रचलेला आहे, कोणत्याही खऱ्या प्रश्नातून घेतलेला नाही.

‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :– (१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे गेल्या दोन वर्षांपासून रिक्त असल्यामुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीच्या अनुषंगाने पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

ह्यातल्या ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ ह्या शब्दांकडे पाहावे. प्रत्येक भाग आधीच्या भागाच्या उत्तरावर टांगलेला आहे. पहिल्याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले की ‘असल्यास’ने सुरू होणारा दुसरा भाग विचारण्याची अटच पुरी होत नाही. कार्यवाही चालू आहे असे म्हटले की ‘नसल्यास, विलंबाची कारणे’ ही पृच्छा आपोआप गळून पडते. अशा अट पुरी न झालेल्या भागापुढे लिहायचे ठरीव वाक्य म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. आपल्या आमदारांच्या प्रश्नाचा चौथा भागही बहुधा ‘नसल्यास’नेच सुरू होत असावा. तसे असेल तर त्या वाक्याचा अर्थ एवढाच की कार्यवाही सुरू आहे असे शासनाने सांगितले असल्यामुळे विलंबाची कारणे सांगण्याची वेळ येत नाही. गावाला डॉक्टरची अडचण नाही, असे त्यात कोणी म्हटलेले नाही. हिंदीत ह्याच जागी ‘प्रश्न नहीं उठता’ असे छापतात आणि इंग्रजी उत्तरात ‘डझ नॉट अराइज’. एक बारीक गंमत म्हणजे, दोन-तीन भागांना मिळून हे उत्तर दिले तरी क्रियापद एकवचनीच राहते. ‘(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही’ असेच मी टंकलिखित होताना पाहिले आहे आणि ‘नाहीत’ करावे म्हणून केलेली माझी दुरुस्ती एकदा वरून खोडून परत आली होती.

‘अंशतः खरे’ ह्याची मख्खी पहिल्या भागाच्या रचनेत असते. सदस्य एका वाक्यात गाव, काळ, संख्या, कारण आणि परिणाम असे सगळे कोंबतात. पदे दोन वर्षांऐवजी एकवीस महिने रिक्त असतील, किंवा तीनपैकी एक पद मध्यंतरी भरले गेले असेल, तर संपूर्ण वाक्य खरे ठरत नाही आणि ‘अंशतः’ लिहायला जागा होते. कोणता अंश खरा, हे उत्तरात सांगितलेच पाहिजे असे माझे मत आहे. पुष्कळ उत्तरांत ते सांगितलेले नसते, आणि तिथे भाषेचा नेमकेपणा संपून आडोसा सुरू होतो.

‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ ही एकाच शब्दाची दोन रूपे नव्हेत. ‘कारवाई’ फारसीतून आली. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘रवाई’ म्हणजे चालते करणे. ‘कार्यवाही’ हा संस्कृत घटकांतून घडवलेला शब्द आहे. हिंदीत ‘कार्यवाही’ म्हणजे सभेचे कामकाज आणि ‘कार्रवाई’ म्हणजे कृती. मराठीने मात्र हे वाटप निराळे केले. आपल्याकडे कार्यवाही म्हणजे एखाद्या बाबीवर प्रशासनाने टाकलेले पाऊल, मग ते पत्र पाठवणे असो की नस्ती (फाइल) पुढे सरकवणे असो. आणि कारवाई म्हणजे कोणावर तरी केलेली दंडात्मक कृती. कारवाईला ‘कोणावर’ हे विचारता येते, कार्यवाहीला फक्त ‘कशावर’ एवढेच विचारता येते. एखाद्या ठेकेदाराने रस्ता निकृष्ट केला आणि सदस्याने ‘संबंधितांवर कोणती कारवाई केली’ असे विचारले, तर ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ हे त्याचे उत्तर होत नाही. दोन अक्षरांच्या फरकाने संबंधित माणूस वाक्यातून निघून जातो. सभागृहात जुने सदस्य अशा वेळी लगेच उठून “कार्यवाही नको, कारवाई सांगा” म्हणतात, ते शब्दांचा कीस पाडण्यासाठी नव्हे.

राहिला ‘तारांकित’. सूचनापत्रावर प्रश्नाला तारा, म्हणजे फुलीसारखी चांदणी, लावून सदस्य कळवतो की मला मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर हवे आहे. चांदणी नसलेला तो अतारांकित, त्याचे उत्तर लेखी मिळते. पंचतारांकित हॉटेलमुळे अनेकांना वाटते की तारांकित प्रश्न म्हणजे वरच्या दर्जाचा प्रश्न. दर्जाचा इथे संबंध नाही. तोंडी उत्तराचा खरा लाभ हा की त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न असतात, आणि प्रश्नोत्तराच्या तासात विसांपैकी मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात.

उपशंका

वरील विवेचन वाचून दोन गोष्टी विचाराव्याशा वाटल्या. ‘खुलासा करतील काय’ ह्यात मंत्र्यांवर काही ठपका आहे का? कारण आमच्या शाळेत मुख्याध्यापक ‘लेखी खुलासा सादर करावा’ असे पत्र देतात, तेव्हा शिक्षकाची झोप उडते. दुसरे असे की वृत्तपत्रांत ‘लक्षवेधी’ आणि ‘लक्ष्यवेधी’ अशी दोन्ही रूपे दिसतात. त्यांतले शुद्ध कोणते?

प्रतिसाद

‘खुलासा’ अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात त्याचा अर्थ सार किंवा सारांश असा आहे. मराठीत तो स्पष्टीकरण ह्या अर्थाने स्थिरावला. वरिष्ठाने कनिष्ठाकडे मागितला की त्याला जाब विचारल्याची छटा येते, जी आपल्या शिक्षकांच्या परिचयाची आहे. विधिमंडळाच्या साच्यात ती छटा नाही. तिथे तो नुसता स्पष्टीकरणवाचक शब्द आहे. तरीही मला ही निवड मनापासून आवडते, कारण लोकांनी निवडून दिलेला सदस्य मंत्र्याकडे खुलासा मागतो ह्यात दोघांचे नाते बरोबर दिसते. अलीकडे वाहिन्यांवर ‘धक्कादायक खुलासा’ असे म्हणतात, तो हिंदीचा प्रभाव आहे. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. त्या अर्थाने वाचले तर ‘मंत्री खुलासा करतील काय’ हे वाक्य भलतेच रंगतदार होईल.

त्याच वाक्यातला ‘काय’ हाही नवख्याला चकवतो. तो ‘कोणती गोष्ट’ विचारणारा ‘काय’ नसून होय-नाही विचारणारे अव्यय आहे. बोलताना आपण तिथे ‘का’ म्हणतो.

आता लक्षवेधी. ‘लक्ष’ म्हणजे अवधान आणि ‘लक्ष्य’ म्हणजे नेम धरण्याची वस्तू, हा मराठीने पाळलेला भेद आहे. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे सदस्य मंत्र्याचे लक्ष वेधतो आणि मंत्री त्यावर निवेदन करतो, म्हणून ‘लक्षवेधी सूचना’ हेच रूप बरोबर. ‘लक्ष्यवेधी’ धनुर्धराला शोभेल. हिंदीत हिला ‘ध्यानाकर्षण’ म्हणतात, आणि त्यापुढे आपला शब्द अधिक धारदार आहे. भारतीय संसदेत हे साधन १९५४ मध्ये नियमांत आले, आणि ते ब्रिटिश संसदेकडून उचललेले नसून इथेच घडलेले आहे. महाराष्ट्र विधानसभेत ते नियम १०५ खाली येते. व्यवहारात ‘सूचना’ गळून पडून ‘लक्षवेधी’ हे स्त्रीलिंगी नाम झाले आहे. ‘माझी लक्षवेधी आज लागली होती’, ‘ती राखून ठेवली’ (म्हणजे पुढच्या दिवसासाठी ठेवली) असे सदस्य आणि पत्रकार सर्रास बोलतात. कामकाजपत्रिकेवर येणे ह्या अर्थी ‘लागणे’ हा प्रयोग न्यायालयातल्या ‘तारीख लागली’ ह्याच्याच कुळातला.

‘सूचना’ ह्या शब्दाने होणारा घोटाळाही नोंदवून ठेवतो. मराठीत सूचना म्हणजे सल्लाही, हुकूमही आणि पूर्वकल्पनाही. विधिमंडळात बहुधा तिसरा अर्थ असतो. ‘अल्पसूचना प्रश्न’ म्हणजे छोटीशी सूचना करणारा प्रश्न नव्हे, तर नेहमीपेक्षा कमी मुदतीची पूर्वसूचना देऊन विचारलेला प्रश्न.

आणखी एक प्रतिसाद

‘उपप्रश्न’ ह्या शब्दामागचा इतिहास इथे सांगण्याजोगा आहे. १८९२ च्या ‘इंडियन कौन्सिल्स ॲक्ट’ ह्या ब्रिटिश कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची वाट प्रथम मोकळी झाली, पण मिळालेल्या उत्तरावर पुन्हा काही विचारता येत नसे. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले, तेव्हा हीच स्थिती होती. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला, आणि त्यालाच, उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. आज इतर सदस्यही उपप्रश्न विचारू शकतात. ह्याला ‘पूरक प्रश्न’ असाही शब्द आहे, पण तो मला शुद्ध असला तरी बेचव वाटतो. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे, आणि चांगला उपप्रश्न उणीव भरण्याऐवजी उत्तरातली उणीव उघडी करतो. इंग्रजीतल्या त्याच ‘सप्लिमेंटरी’ला खर्चाच्या बाबतीत, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी मागताना, मात्र ‘पुरवणी मागण्या’ हाच शब्द रूढ आहे. तिथे ‘पूरक’ किंवा ‘उप’ कोणी लावत नाही.

दुसरा शब्द ‘आश्वासन’. सभेबाहेर ह्या शब्दाची पत पार गेलेली आहे. ‘नुसती आश्वासने’ म्हटले की ऐकणारा उसासा टाकतो. सभागृहात मात्र तो पारिभाषिक शब्द आहे. मंत्र्यांनी उत्तर देताना ‘तपासून पाहण्यात येईल’, ‘चौकशी करण्यात येईल’, ‘बाब विचाराधीन आहे’ अशा धाटणीचे काही म्हटले की त्याची आश्वासन म्हणून वेगळी नोंद होऊ शकते, आणि ते पाळले की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे. तिथे आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते, आणि कोणते शब्द उच्चारले की आश्वासन समजायचे ह्याची नमुनायादीच केलेली आहे. त्यामुळे अनुभवी खातेप्रमुख मंत्र्यांच्या टिपणीत ‘करण्यात येईल’ हे शब्द शक्यतो टाळतात आणि ‘करण्यात येत आहे’ लिहितात. भविष्यकाळात वचन उघड अडकते, चालू वर्तमानकाळात ‘विचाराधीन आहे’सारखे अपवाद सोडले तर सहसा तसे अडकत नाही. शंकाकर्त्यांच्या उत्तरातही काळ चालू वर्तमानच आहे, हे लक्षात घ्यावे.

‘शून्य प्रहर’, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडण्याचा वेळ, ह्याबद्दल ह्या चर्चेत कोणी विचारलेले नाही, तरी एक वाक्य लिहिण्याचा मोह होतो. प्रहर म्हणजे तीन तास, आणि संसदेतला हा प्रकार जेमतेम तासाभराचा. त्यामानाने ‘प्रश्नोत्तराचा तास’ हा आपला शब्द हिंदीतल्या ‘प्रश्नकाल’पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

मूळ शंकाकर्ता

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाची प्रत मिळवून पाहिली. चौथा भाग खरोखरच ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असा आहे. आईला ‘असल्यास’ची साखळी समजावून सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मग असल्यास-नसल्यास न लावता विचारा की.” असे विचारता येते का?

प्रतिसाद

येते, आणि विचारावे. ‘हे खरे आहे काय’ हा साचा रूढ आहे, पण थेट माहिती मागण्यास तो आड येत नाही. आपल्या आमदारांना पुढच्या अधिवेशनासाठी असे लिहून देता येईल : ‘(१) उक्त रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, व अमुक दिनांकास त्यांपैकी भरलेली किती, (२) प्रत्येक रिक्त पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे, (३) ही पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येतील?’ ह्यांतल्या एकाही भागापुढे ‘अंशतः खरे’ लिहिता येत नाही, ‘उद्भवत नाही’ही लिहिता येत नाही. ‘माहिती घेण्यात येत आहे’ एवढे मात्र लिहिता येते, आणि तसे आले तर प्रश्न राखून ठेवण्याची विनंती अध्यक्षांना करावी, हेही त्यांच्या कानावर घालावे.